कोंब पांढरे आहेत तोवर

मावजुदाने ओल्या फडक्याचं टोक उचललं, परातीतला एक कोंब उपटला आणि दातांखाली धरला. गोड. मग पुढच्या परातीवरचं फडकं काढून तिथला चावला. तोही गोड. सुईसारखे बारीक, पांढरे, एकमेकांत घट्ट गुंतलेले. एकेक करत तिने सगळ्या पराती उघडल्या. गल्लीतल्या प्रत्येक घरातून आलेला मूठ-मूठ गहू तिच्या ओसरीवर रुजला होता.

"आज," ती म्हणाली. "आजच शिजवायचं."

"मग मी काय वेगळं सांगतेय?" तिची सासू ओयनिसा बुवी पायरीवर बसून पाटातले गोल गोटे धूत होती. सुमलकच्या, म्हणजे या कोंबांच्या गोड खिरीच्या, कढईत तळाशी हे गोटे टाकायचे, म्हणजे खालून लागत नाही. "उद्या टोकं हिरवी होणार. हिरवं म्हणजे कडू. नव्या अध्यक्षीणबाई, पहिल्याच नवरोझला कडू सुमलक वाटत फिरणार का मोहल्ल्यात?"

"टॉवरवाल्यांनी फाटक उघडलं की गोड वाटते ना, ओयी."

"आणि नाही उघडलं तर?"

मावजुदाने डोक्याचा रुमाल बांधला, सोडला, परत बांधला. मोहल्ला समितीवर निवडून येऊन दोनच महिने झाले होते. आजवर तिने एक गटाराचं आणि एक कुत्र्याचं भांडण मिटवलं होतं. ती दारातूनच ओरडली, "कढई घ्या गाडीवर," आणि बाहेर पडली. पराती तशाच उघड्या राहिल्या. ऊन नुकतंच भिंतीवरून ओसरीत उतरत होतं.

हातगाडीवर उलटी घातलेली कढई लांबून कासवासारखी दिसत होती. मागे पंधरावीस बायका. कुणी तेलाचा डबा घेतलेला, कुणी पिठाची पिशवी, दोघींच्या खांद्यावर वल्ह्याएवढे लाकडी कालथे. परवानगी मिळालेली नव्हती. पण कढई दारात नेऊन ठेवली की नाही म्हणणं जड जातं, हे मावजुदाचं गणित होतं.

गल्ली संपते तिथे निळ्या काचांचे टॉवर सुरू होतात. मध्ये लोखंडी फाटक. गेल्या नवरोझला ते नव्हतं. फाटकाच्या सळयांतून चूल दिसत होती: तुतीच्या झाडाखाली, मातीची, तोंड काळं पडलेली. तिच्या दोन्ही बाजूंनी गाड्या लावायच्या पांढऱ्या रेघा ओढून झाल्या होत्या. एक रेघ थेट चुलीवरून गेली होती. सोमवारी डांबर पडणार होतं.

फाटकावर बोतिर होता. मोहल्ल्यातलाच, ओयनिसा बुवीच्या बहिणीचा नातू. टॉवरवाल्यांचा गणवेश घालून तो आभाळाकडे बघत होता.

"बोतिर, उघड," ओयनिसा बुवी म्हणाली. "लहानपणी तुझं नाक कोणी पुसलंय?"

"तुम्हीच, बुवी. नाक माझं होतं. फाटक त्यांचं आहे." मग मावजुदाकडे वळून त्याने आवाज खाली आणला. "ओपा, ओगायबाई ऑफिसात आहेत. सकाळपासून तीनदा विचारलं, आले का म्हणून."

लारिसा गेन्नादियेव्ना ओगाय टॉवरच्या समितीची प्रमुख होती. औषधांचं दुकान चालवायची. केस आखूड, चष्मा डोक्यावर, टेबल इतकं स्वच्छ की हात ठेवायला संकोच वाटावा. तिने मावजुदाला बसायला सांगितलं, किटली उचलली आणि हिरवा चहा पियाल्यात काठोकाठ ओतला. थेंबभरही जागा उरली नाही.

मावजुदाने पियाल्याकडे पाहिलं. भरलेला पियाला म्हणजे प्या आणि निघा. बसायला हवंय त्या पाहुण्याला तळापुरताच चहा ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. लारिसा ताश्कंदमध्येच जन्मलेली. चुकून झालं असं म्हणायला जागा नव्हती.

मावजुदाने पियाला उचलला, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि पुढे सरकवला.

"छान आहे. अजून द्या."

लारिसाच्या ओठाचं एक टोक हललं. तिने परत काठोकाठ भरला.

"तुमच्या अंगणात शिजवा ना," ती म्हणाली. "अंगण मोठं आहे तुमचं. वरून दिसतं."

"अंगणात शिजवलं की ते माझं होतं. मी वाटते, लोक घेतात. चुलीवरचं कुणाचंच नसतं, म्हणून सगळे ढवळायला येतात."

"धूर चौथ्या मजल्यापर्यंत जाईल."

"सहाव्यापर्यंत जातो. मागच्या वर्षी बघितलंय." मावजुदाला स्वतःचंच हसू आलं. "खोटं कशाला सांगू?"

"तुम्ही बोलणी करायला आलात की भांडायला?"

"पहिल्यांदाच करतेय. नीट कळत नाही अजून."

आता लारिसा खरोखर हसली. चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला.

"मग माझं ऐका. माझे वडील तिसऱ्या मजल्यावर राहतात. हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स जवळचा रस्ता म्हणून तुमच्या गल्लीत शिरली आणि ओंडक्यांपुढे थांबली. रस्त्यावर आडवे ओंडके. ती मागे घेतली, मोठ्या रस्त्याने वळसा घालून आली. मी गॅलरीत उभी राहून दिवा फिरताना बघत होते."

मावजुदाचा हात पियाल्यावरच राहिला. ते ओंडके कोणी टाकले, तिला चांगलं माहीत होतं. टॉवरच्या गाड्या शॉर्टकट म्हणून गल्लीतून सुसाट जायच्या, वाळत घातलेल्या कपड्यांवर चिखल उडवायच्या. म्हणून.

"आता कसे आहेत ते?"

"सगळ्यांवर ओरडतात. म्हणजे बरे आहेत."

मावजुदा उठली, खिडकी उघडली आणि वाकून ओरडली, "ओयी, गल्लीतले ओंडके उचला."

खालून ओयनिसा बुवीचा आवाज आला, "कुठले ओंडके?"

"तुम्ही टाकलेले."

"का म्हणून? परत सगळे घुसतील."

"ॲम्ब्युलन्स अडली होती, ओयी. माणूस होता आजारी."

मग, "मला काय माहीत. कुणी सांगितलं का?" आणि थोड्या वेळाने, "तुतीचे आहेत. चुलीत मस्त जळतील. बोतिर, असा बघतोस काय, हात लाव."

लारिसाही खिडकीशी येऊन उभी राहिली होती. दोघी बघत राहिल्या. पहिला ओंडका दोन बायकांनी आणि एका गणवेशवाल्याने उचलला.

"अजून एक गोष्ट आहे," लारिसा म्हणाली. आवाज मऊ झाला होता, पण गोष्ट तशीच कडक. "इथे आग लावायची तर इथे राहणाऱ्या कुणीतरी आगीपाशी थांबायला हवं. शेवटपर्यंत. ती आग त्याची. हा नियम मी केला नाही. म्हणजे मीच केला, पण मतं घेऊन."

"तुम्ही थांबा."

"मी? माझ्याने घरचा भात करपतो. आणि मी उभी राहिले तर उद्या सगळे म्हणतील प्रमुखच तिकडे फितूर." तिने खिडकी लावून घेतली. "एवढ्या लोकांत तुमच्या ओळखीचं कुणीच नाही?"

एक होती. मोहल्ल्यात तिचं नाव काढत नसत.

रिसोलत बुवीचं घर गल्लीच्या शेवटाला होतं. तिने ते सगळ्यांच्या आधी बिल्डरला विकलं आणि घराबरोबर तुतीचा कोपरा गेला, चूल गेली. त्याआधी वर्षानुवर्षं कढईत गोटे टाकायचा मान तिचाच होता. ओयनिसा बुवी आणि ती एका वर्षी लग्न होऊन या गल्लीत आलेल्या, एका पाटावर धुणी धुतलेल्या. नवरोझच्या आधी मोहल्ल्यातली एखादी बाई दारोदार जाऊन बोलावणं करते. रिसोलत बुवीचं दार आता टॉवरमध्ये होतं. ते दार मोहल्ल्याचं नाही, असं सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं.

लिफ्ट नवव्या मजल्यावर थांबली. मावजुदाने बेल दाबायच्या आतच दार उघडलं.

"ये," रिसोलत बुवी म्हणाली. तिने नवा रुमाल बांधला होता, घडीच्या रेघा अजून तशाच. "कढई घेऊन निघालात तेव्हाच बघितलं. वरून सगळं दिसतं, पोरी. ऐकू तेवढं येत नाही."

मावजुदा येताना लिफ्टमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं विसरली.

"बुवी, मी बोलवायला आले नाही. मागायला आलेय."

"बोलवायला तर कुणी आलंच नाही." ती चिडून नाही म्हणाली, हवामानाबद्दल बोलावं तशी म्हणाली. "काय हवंय?"

मावजुदाने सांगितलं. आगीपाशी उभं राहायचं, आग माझी असं म्हणायचं. सांगताना तिची नजर खिडकीकडे गेली. खिडकीखालच्या लांब फळीवर परातींवर ओलं फडकं पसरलेलं होतं, कडेने भिंतीपर्यंत. वास तिला ओळखायला वेळ लागला नाही. सकाळपासून तोच तिच्या बोटांना येत होता.

"हे कुणासाठी भिजवता?"

"कबुतरांसाठी."

"एवढं?"

"दर वर्षी भिजवते. हाताला सवय आहे. हिरवं झालं की छतावर नेऊन टाकते." रिसोलत बुवीने फडक्याचं टोक उगाच नीट केलं. "मी घर विकलं, मावजुदा. मुलाला विकायचं होतं. कोपरा त्याच कागदात होता हे मला सही केल्यावर कळलं. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मावजुदाने फडक्याचं दुसरं टोक नीट केलं.

"ओयनिसाने पाठवलं का तुला?"

"नाही. त्यांना माहीत नाही."

"बरं झालं. तिने पाठवलं असतं तर भाव खाल्ला असता मी थोडा." ती दारामागून कोट काढू लागली. "चल. आग माझी."

फाटक उघडलं तेव्हा बायका अशा आत घुसल्या की बोतिरची टोपी पडली. कढई चुलीवर चढली. ओंडक्यांच्या ढलप्या निघाल्या, राख काढली, कुणी पाणी आणलं, कुणी उगाचच ओरडू लागलं. रिसोलत बुवी चुलीपासून चार पावलांवर उभी राहिली. हात कोटाच्या खिशात. कुणी तिच्याशी बोललं नाही, कुणी तिला दूरही केलं नाही. ओयनिसा बुवीने तिला पाहिलं आणि गोट्यांची बादली या हातातून त्या हातात घेतली.

मग पराती आल्या.

पहिली परात बघूनच मावजुदा तिच्यावर वाकली. पांढऱ्या कोंबांची टोकं फिकट हिरवी झाली होती. दुसरीची तशीच. फडकी ओसरीवर तिच्याच हाताने काढलेली, तिथेच पडली असणार. दुपारपर्यंत ऊन परातींवरच होतं.

ओयनिसा बुवीने कोंब चावला आणि थुंकली. एकेक परात चाखत गेली. कडेच्या, सावलीत राहिलेल्या, बाजूला काढल्या. बाकीच्या दुसरीकडे. बाजूला काढलेल्या फारच थोड्या होत्या.

"एवढ्यात कढईचा तळ नाही झाकणार," ती म्हणाली. सुनेला ओरडली नाही. तेच वाईट होतं.

तेल तापायला लागलं होतं. मावजुदाने तोंडावर हात घेतला आणि तसाच ठेवला.

"बोतिर," मागून रिसोलत बुवी म्हणाली. "ही माझी किल्ली. खिडकीखाली पराती आहेत. आडव्या धर, सांडू नकोस."

बोतिर धावला. थोड्या वेळाने लिफ्टचं दार उघडलं आणि आत नुसत्या पराती. एकावर एक, वर ओलं फडकं. मध्ये अडकलेला कुणी टॉवरवाला हात वर करून उभा होता, आणि त्याच्याही हातात बोतिरने एक परात दिली होती. त्याला का दिली आणि कुठे न्यायची, काहीच माहीत नव्हतं, पण तो आडवी धरून चालत होता. दुसऱ्या खेपेला पाचव्या मजल्यावरची एक बाई लिफ्टचं दार पायाने अडवून थांबली. तिसऱ्या खेपेला ती बाईच परात घेऊन आली.

ओयनिसा बुवीने त्यातला कोंब चावला. बराच वेळ चावत राहिली.

"लिफ्टने आलीस की उडत?" शेवटी तिने विचारलं. परातीकडेच बघत.

"तुझे ओंडके नव्हते आज," रिसोलत बुवी म्हणाली. "म्हणून चालत."

ओयनिसा बुवीने गोट्यांची बादली उचलली आणि तिच्या पायाशी ठेवली. रिसोलत बुवीने बाह्या वर केल्या.

गहू दळला, पिळला, पांढरं पाणी कढईत पडलं, आणि कालथा फिरायला लागला. तो आता सकाळपर्यंत थांबायचा नव्हता. मध्येच वरच्या कुठल्यातरी गॅलरीतून कुणी धुराबद्दल ओरडलं. रिसोलत बुवीने मान वर केली.

"आग माझी आहे," तिने ओरडून सांगितलं. "त्रास होत असेल तर खाली ये आणि ढवळ."

तो माणूस आला. ढवळून गेला. मग बायकोला घेऊन परत आला. लारिसा मात्र ऑफिसच्या खिडकीत होती. आली नाही, आणि खिडकी लावूनही घेतली नाही.

सकाळी सुमलक गुळाच्या काकवीसारखं तांबूस झालं होतं. मोहल्ल्याच्या सगळ्या वाट्या, बोल, खोलगट बशा तुतीखाली मांडल्या. घरोघरी वाटायला बायका निघाल्या. मावजुदानेही ताट उचललं. नवव्या मजल्याचं बटण दाबून तिने रिसोलत बुवीच्या दारात वाटी ठेवली. म्हातारी आत कोटासकट झोपली होती. मावजुदा लिफ्टकडे वळली आणि थांबली. मग तिने शेजारचं दार वाजवलं.

त्याच्या शेजारचं वाजवलं. मग जिन्याने आठव्यावर उतरली.

"एवढ्या वाट्या तिकडे?" खाली आल्यावर ओयनिसा बुवीने कमरेवर हात ठेवले. "परत येतील का?"

"रिकाम्या परत करायच्या नसतात, हे माहीत असेल ना त्यांना?" बोतिरने विचारलं.

"ताश्कंदमध्येच राहतात," मावजुदा म्हणाली आणि पुन्हा ताट भरायला घेतलं. दुसऱ्या टॉवरला, तिसऱ्याला. पाय दुखत होते, घसा बसला होता, आणि तिला पळावंसं वाटत होतं.

संध्याकाळी ती ओसरीवर पाय पसरून बसली असताना बाहेरून कुणीतरी म्हणालं, "बेल कुठे आहे तुमच्याकडे?"

लारिसा होती. धुतलेली वाटी हातात, वाटीत तिखट, व्हिनेगरमधल्या गाजराच्या बारीक सळ्या. एरवीचा कोट नव्हता. घरातल्या चपला घालूनच ती गल्ली ओलांडून आली होती.

"बेल नाही. हाक मारायची."

"मग हाक मारते. आहात का घरी?"

"आहे. या ना."

लारिसाने वाटी दिली. "वडिलांनी दोनदा मागून खाल्लं. त्यात दगड निघाला. कुणावर खटला भरायचा विचारत होते."

"दगड निघाला तर मनात काहीतरी मागायचं असतं."

"सांगितलं मी त्यांना. मागितलं त्यांनी. काय ते सांगत नाहीत." ती ओसरीच्या कडेला टेकली आणि चपलेने जमिनीवर एक रेघ ओढली. "सोमवारी डांबराची मशीन येणार आहे."

"माहीत आहे."

"मी थांबवू शकत नाही. ते मतावर आहे." तिने रेघ पायाने पुसली. "पण आज दुपारपासून लोक माझ्याकडे येतायत. वाट्या घेऊन. कुठे परत करायच्या विचारतात. कुठलं दार कुणाचं, कुणालाच माहीत नाही. तर मी म्हटलं, डांबर घालायला कुठून सुरुवात करायची, चुलीकडून की दुसऱ्या टोकाकडून, ते आधी तुमच्याशी बोलावं."

आतून ओयनिसा बुवीने किटली आणून ठेवली आणि परत गेली. मावजुदाने पियाला पुसला, किटली तिरकी केली आणि लगेच सरळ केली. पियाल्याच्या तळाला दोन घोट चहा.

लारिसाने पियाल्यात पाहिलं. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि चपला पायरीखाली सारून पाय वर घेतले.